साय घालून टोमॅटोचा पास्ता

पास्त्याचं पाकीट आता सोनपेठच्या किराणा दुकानातही शेवया आणि नूडल्सच्या शेजारी टांगलेलं दिसतं. अडतं ते पुढे. मोबाइलवर कृती बघायला बसावं तर पहिल्याच मिनिटाला सांगतात: फ्रेश क्रीम एक कप, पार्मेझान चीज, बेसिलची ताजी पानं. मग परळीला नाहीतर गंगाखेडला जाणाऱ्या कुणाला तरी क्रीमचं पाकीट आणायला सांगून ठेवायचं, आणि ते येईपर्यंत पोरांची हौस विरून गेलेली असते. ज्या घरात रोज लिटरभर म्हशीचं दूध तापतं, त्या घरानं क्रीमसाठी अडून बसायचं काही कारण नाही.

या पास्त्याचा मऊ, दाटसर, मलईदार रस दोन गोष्टींनी तयार होतो. एक म्हणजे ताजी साय आणि दुसरी म्हणजे पास्ता शिजवलेलं पिठाळ पाणी. पहिली गोष्ट आपण लोण्यासाठी राखून ठेवतो आणि दुसरी सरळ मोरीत ओततो. एवढं सोडलं तर बाकी सगळं काम साध्या रस्सा-भाजीइतकंच आहे. हाताशी सामान असेल तर अर्ध्या तासात ताटात पडतं.

साहित्य

चार माणसांना पोटभर होईल असं प्रमाण देते. पास्ता पाव किलो, म्हणजे साधारण चार वाट्या. कोरडा पास्ता कमी दिसतो, पण शिजल्यावर वजनाला दुपटीच्या पुढे जातो, म्हणून आणखी मूठभर टाकायचा मोह आवरा. लाल पिकलेले टोमॅटो पाऊण किलो. एक मध्यम कांदा. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या. तेल दोन मोठे चमचे, साजूक तूप किंवा लोणी एक चमचा. लाल तिखट एक लहान चमचा, काळी मिरी पाच-सहा दाणे कुटून. ताजी साय अर्धी वाटी आणि ती फेटायला पाव वाटी दूध. मीठ, चिमूटभर साखर. ओवा दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच. चीजचा एखादा क्यूब घरात असेल तर किसून घाला. नसेल तर त्याच्यासाठी दुकानापर्यंत चप्पल झिजवू नका.

ओवा बघून काही जण भुवया उंचावतील. पास्त्यावर पुडीतून भुरभुरवतात त्या ओरेगॅनोचा वास ज्या द्रव्यांनी येतो, ती कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही एकमेकांची जवळची भावंडं आहेत, आणि आपल्या ओव्यात थायमॉल भरपूर असतं. म्हणून तळहातावर चुरडलेला ओवा इथे परका वाटत नाही. पण तो जहाल असतो. जास्त पडला तर पास्त्याला बाळंतिणीच्या ओव्याचा वास येतो आणि मग कुणी खात नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या डब्यात पडून असतील तर त्या वापरा आणि ओव्याला सुट्टी द्या.

पास्ता घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला चित्र असतं, मागच्या बाजूला खरं असतं. घटकांमध्ये 'ड्युरम गव्हाचा रवा' असं लिहिलेलं हवं. नुसता मैदा किंवा साधा रवा असेल तर असा पास्ता दोन मिनिटं जास्त उकळला की बाहेरून गिच्च आणि आतून पिठूळ होतो. ड्युरम म्हणजे काही आकाशातून पडलेला गहू नव्हे. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातकुळीतला. उपम्यासाठी पिवळसर, खरखरीत बन्सी रवा मिळतो ना, तो मुठीत घेऊन बघा आणि चांगल्या पास्त्याचा एक तुकडा शेजारी धरा. रंग जवळपास तोच दिसेल. हा गहू कठीण असतो, दळताना सहज पीठ होत नाही, रवा पडतो. त्याचा चिकटपणा पोळीसाठी फारसा कामाचा नाही, पण आकार धरून ठेवायला अगदी योग्य. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस ४०२८ नावाचं ड्युरम गव्हाचंच वाण काढलं आहे. त्यात प्रथिनं १४.७ टक्के भरतात आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कोरडवाहू शेतीसाठीच त्याची शिफारस आहे. म्हणजे पास्त्याचा कच्चा माल आपल्या मातीला नवा नाही.

आकारसुद्धा नवा नाही. ज्यांच्या घरी लग्नाआधी वळवट होत असे त्यांना हे सांगायला नको. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे हे सगळं कणकेचं, हातावर वळून उन्हात वाळवलेलं, आणि लागेल तेव्हा शिजवून खायचं. विदर्भात काडीवर पीठ गुंडाळून सरगुंडे करतात. ते वाळवून, उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून आमरसाबरोबर वाढतात. आतून पोकळ, बाहेरून वळ्या असलेला सरगुंडा आणि इटलीतला पास्ता समोरासमोर ठेवले तर कोण कुणाचा पाहुणा ते ओळखता येणार नाही. तेव्हा घरातल्या आजी 'हे काय नवीन खूळ करायलेत पोरं' म्हणाल्या, तर त्यांना नखुल्यांची आठवण करून द्या.

या रसाला पेने किंवा फुसिली घ्यावा. पेने म्हणजे तिरकी कापलेली नळी, फुसिली म्हणजे मळसूत्रासारखा पीळ. नळीत रस शिरतो, पिळाच्या खाचांत अडकतो. छोटी मॅकरोनी चालते, पण ती लवकर शिजते, तिच्यावर नजर ठेवावी लागते. लांब स्पॅगेटी या वेळी नको. ती उचलायचं कसब नसलं की अर्धा रस कपड्यांवर.

टोमॅटो

सगळी चव इथे ठरते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे टोमॅटो लाल, भरलेला आणि स्वस्त असतो. हा पास्ता करायचे खरे दिवस तेच. उन्हाळ्यात येतो तो फिक्कट, कडक, वाहतुकीत टिकावा म्हणून कच्चाच तोडलेला. तो लगेच वापरू नका. फ्रिजमध्येही ठेवू नका, थंडीत त्याचं पिकणं थांबतं. ओट्यावर परातीत देठ खाली करून दोन दिवस पसरून ठेवा. गावरान टोमॅटो मिळाला तर रंग आणि वास उत्तम, पण तो जास्त आंबट आणि पाणचट असतो. त्यामुळे तो आटवायला वेळ लागतो आणि साय फाटायचा धोका वाढतो. अर्धे गावरान, अर्धे लांबट संकरित, असं मिश्रण मला सगळ्यांत बरं वाटतं.

पावसाळ्यात भाव चढतात. २०२३ च्या जुलैत तर टोमॅटोनं शंभरी ओलांडून दोनशेकडे धाव घेतली होती. अशा वेळी पाऊण किलोऐवजी अर्धा किलो घ्या आणि उरलेली कसर एका लाल गाजरानं भरून काढा. गाजर किसून टोमॅटोबरोबरच शिजवायचं. रंग येतो, गोडी येते आणि आंबटपणा कमी होतो. बाटलीतलं केचप मात्र घालू नका. त्यात साखर आणि व्हिनेगर असतं. साखरेनं पास्ता गोडमिट्ट होतो आणि व्हिनेगरनं साय फाटते.

टोमॅटो उकडून साल काढा, मिक्सरला लावा, गाळून घ्या, असं सांगतात. वेळ असेल तर करा. मला किसणीची रीत आवडते. टोमॅटो आडवा कापून दोन अर्ध्या वाट्या करायच्या. कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर टेकवून, वरून तळहातानं हलकं दाबत किसायचं. गर खाली ताटात पडत जातो, साल पातळ होत होत हाताखाली सपाट होते, आणि शेवटी नुसती पापुद्र्यासारखी चकती बोटांत उरते. बोटांची कातडी सोलायची भीती नाही, मध्ये सालीचं कवच असतं. पाऊण किलोला पाच-सात मिनिटं लागतात. शिवाय मिक्सरमध्ये हवा मिसळून टोमॅटोचा रस गुलाबी, फेसाळ होतो, तसं किसण्यात होत नाही. बिया राहू द्या. टोमॅटोची खरी चव बियांभोवतीच्या बुळबुळीत भागातच जास्त असते.

साय कोणती घ्यावी

फ्रिजमधल्या डब्यात आठवडाभर साठवलेली, विरजण लावलेली साय लोण्यासाठी असते. ती इथे चालणार नाही. ती आधीच आंबट असते, तिच्यावर टोमॅटोचा आंबटपणा आला की पांढऱ्या चोथ्याचे कण कण होऊन रस नासल्यासारखा दिसतो. आजची किंवा फार तर कालची, विरजण न लावलेली, गोड साय हवी.

फाटण्याचं कारण कळलं की ते टाळणं सोपं जातं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन सामू ४.६ च्या आसपास आला की एकमेकांना धरून गोळा होतं. पिकलेल्या टोमॅटोचा सामूही साधारण तेवढाच, किंवा थोडा खालीच असतो. त्यात वरून जोराची उष्णता दिली की काम तमाम. स्निग्धांश जितका जास्त आणि प्रथिन जितकं कमी, तितकं फाटणं अवघड. म्हणून पाकिटातलं २५ टक्के फॅटचं क्रीम सहसा फाटत नाही आणि नुसतं दूध घातलं तर हमखास फाटतं. साय या दोन्हींच्या मध्ये बसते. तिच्यात स्निग्धांश चांगला असतो, पण वरच्या पापुद्र्यात प्रथिनही असतं. म्हणून तिला थोडी मदत करावी लागते: साय दुधाबरोबर फेटून गाळणीतून दाबून काढायची म्हणजे पापुद्रे राहत नाहीत, टोमॅटो आधी नीट आटवायचा, रसात पिठाळ पाणी मिसळायचं आणि साय घालताना गॅस बंद ठेवायचा. पिठाळ पाण्यातली पिष्टाची साखळी केसीनच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. कढी फुटू नये म्हणून ताकाला बेसन लावतो, त्याच्यामागेही हेच आहे.

टोमॅटोत चिमूटभर खायचा सोडा टाकून आंबटपणा मारायची युक्ती काही जण सांगतात. तिनं साय फाटत नाही हे खरं, पण चिमूट जरा मोठी झाली तर साबणासारखी चव येते आणि टोमॅटोचा टोमॅटोपणाच जातो. मी तो सल्ला देणार नाही.

गाईचं दूध येत असेल आणि साय पातळच धरत असेल, तर किराणा दुकानातून मगज आणा. दोन मोठे चमचे मगज कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून अगदी गंधासारखा वाटा आणि सायीच्या जागी घाला. हा फाटण्याचा प्रश्नच नाही. काजू वाटूनही होतं. मगज स्वस्त पडतो, एवढंच.

पाणी किती

इटलीतली रीत अशी की शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. त्या हिशेबानं पाव किलोला अडीच लिटर पाणी उकळायचं आणि शेवटी जवळपास सगळं ओतून द्यायचं. आपल्या भागात हे ऐकूनच जिवावर येतं. आपल्याच तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून परळीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी जातं, आणि २०१५ च्या जुलैत पाणी नाही म्हणून ते अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पास्त्यासाठी अडीच लिटर पाणी फेकायला इथलं मन धजावत नाही, आणि धजावायची गरजही नाही. अन्नाच्या रसायनाचा अभ्यासक हॅरॉल्ड मॅक्गी यानं २००९ मध्ये फार कमी पाण्यात पास्ता शिजवून दाखवला आणि तो नीट होतो हे लिहिलं. गंमत म्हणजे कमी पाण्यात शिजवला तर ते पाणी जास्त पिठाळ होतं, आणि आपल्याला तर तेच हवं आहे.

पाव किलोला दीड लिटर पाणी घ्या. पसरट पातेलं घ्या, म्हणजे पास्ता बुडून राहील. पाण्याला खळखळून उकळी आली की दोन सपाट लहान चमचे मीठ टाका आणि मग पास्ता. पहिली दोन मिनिटं उलथणं हातातून सोडायचं नाही. पास्त्याच्या अंगावरचं पिष्ट सुटू लागतं तेव्हाच तो एकमेकांना आणि बुडाला चिकटतो. पाणी कमी असल्यामुळे इथे हे जास्तच पाळावं लागतं. एकदा पुन्हा उकळी आली की अधूनमधून हलवलं तरी पुरे. पाण्यात तेल टाकू नका. ते वर तरंगतं, चिकटणं काही थांबवत नाही, आणि पास्ता काढताना त्याच्या अंगाला लागून रस घसरून जातो. कुकर तर नकोच. एका शिट्टीत पास्त्याचा सांजा होतो.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी एक तुकडा बाहेर काढा आणि नखानं मधोमध तोडा. कापलेल्या कडेवर, अगदी मध्यभागी, मोहरीच्या अर्ध्याएवढा पांढरा ठिपका किंवा बारीक पांढरी रेघ दिसेल. तेवढी कच्ची कणी राहिलेली असतानाच गॅस बंद करायचा. उरलेला तो टोमॅटोत शिजणार आहे. ठिपका दिसेनासा झाला असेल तर थोडा उशीर झाला आहे, रसात फार वेळ ठेवू नका.

निथळायच्या आधी दोन वाट्या पाणी काढून ठेवायचं. ही पायरी हातून निसटते, म्हणून पाणी उकळायला ठेवतानाच चाळणीत एक रिकामं भांडं ठेवून द्या. चाळण उचलायला गेलात की भांडं आडवं येतं आणि आठवण होते. निथळलेला पास्ता थंड पाण्याखाली धरू नका. त्यानं अंगावरचं पिष्ट धुऊन जातं आणि रस त्याला धरत नाही. उरलेलं पाणी कोमट झालं की संध्याकाळची कणीक त्यात मळा. मीठ त्यातच असतं, वेगळं घालू नका.

कढईवरचं काम

पाणी तापायला ठेवलं की शेजारच्या शेगडीवर हे सुरू करा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी हाताशी येतील.

आधी कढईचं. आपल्या घरोघरी लोखंडी कढई असते आणि पिठल्याला तिच्यासारखी दुसरी नाही. पण टोमॅटो तिच्यात दहा-पंधरा मिनिटं उकळला की आम्लानं लोखंड सुटतं, रस काळपट पडतो आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते. जर्मनच्या भांड्याचंही आंबटाशी पटत नाही. जाड बुडाची स्टीलची कढई घ्या किंवा नॉनस्टिक. पितळी पातेलं वापरायचं तर कलई शाबूत असलेलंच.

कढईत तेल गरम होऊ द्या, पण धूर निघेपर्यंत नाही. लसूण ठेचू नका, पातळ चकत्या कापा. ठेचलेला लसूण पटकन करपतो. चकत्या मंद आचेवर तेलात सोडल्या की त्यांच्या कडेनं बारीक बुडबुडे येतात, हळूहळू कडा सोनेरी होतात. इथे हात आपोआप मोहरी-जिऱ्याच्या डब्याकडे जातो. तो मागे घ्या. मोहरी तडतडली की ही भाजी झाली, पास्ता राहिला नाही. चकत्यांचा मधला भाग अजून पांढरा असतानाच बारीक चिरलेला कांदा टाका आणि चिमूटभर मीठ. कांदा लाल करायचा नाही, पारदर्शक होऊन मऊ झाला की बास. मग गॅस अगदी बारीक करून तिखट टाका, दोनदा हलवा, म्हणजे तेलाला रंग येईल, आणि लगेच किसलेला टोमॅटो ओता. जास्त वेळ थांबलात तर तिखट जळतं आणि घरभर ठसका लागतो.

आता आच वाढवा. टोमॅटो खदखदू द्या. झाकण ठेवू नका, पाणी उडून जायला हवं. आठ ते दहा मिनिटांत गर आटतो, रंग फिक्या केशरीवरून गडद विटकरी होतो, कच्चा वास जातो आणि कडेनं तेल सुटतं. उलथणं कढईच्या बुडावरून ओढून बघा. मागे वाट राहिली आणि ती हळूहळू भरून आली तर टोमॅटो तयार. लगेच भरून आली तर अजून दोन मिनिटं. इथे घाई केली तर पुढे साय फाटते आणि खाताना घशाशी आंबट येतं. या टप्प्याला वेळ द्या, बाकीचं सगळं भराभर होतं. आंबटपणा चाखून चिमूटभर साखर घाला. साखरेनं आम्ल कमी होत नाही, जिभेला ते कमी वाटतं, एवढंच. ओवा चुरडून आत्ताच टाका, म्हणजे त्याचा उग्रपणा तेलात विरघळून मवाळ होतो.

काढून ठेवलेल्या पाण्यातली एक वाटी रसात ओता, एक उकळी येऊ द्या आणि गॅस बंद करा. रसाचं खदखदणं पूर्ण थांबू द्या. तोवर फेटलेल्या सायीच्या वाटीत कढईतला दोन पळ्या गरम रस घालून ढवळा, म्हणजे साय गरम रसाला सरावते. मग ती वाटी कढईत धार धरून ओता आणि ओतताना दुसऱ्या हातानं ढवळत राहा. विटकरी रस बघता बघता गुलाबीसर केशरी होतो. हा रंग आला की साय नीट मिसळली असं समजा.

निथळलेला पास्ता यात टाका, गॅस मंद सुरू करा आणि दीड-दोन मिनिटं सतत वरखाली करा. उकळी आणायची नाही, नुसतं गरम होऊ द्यायचं. दुसऱ्या वाटीतलं पाणी लागेल तसं थोडं थोडं घाला. शेवटी तूप किंवा लोणी आणि मिरपूड. चीज असेल तर तेही आत्ताच, गॅस बंद करून. मीठ सगळ्यांत शेवटी चाखा. पिठाळ पाण्यात मीठ होतं, चीजमध्येही असतं, त्यामुळे बऱ्याचदा वेगळं लागतच नाही.

रस किती पातळ ठेवायचा याचा अंदाज पहिल्यांदा चुकतो, कारण तो कढईत वेगळा दिसतो आणि ताटात वेगळा. पास्ता पाणी ओढत राहतो. कढईत बरोबर वाटला तो ताटात पाच मिनिटांत घट्ट गोळा होतो. म्हणून कढईत तो जरा सैलच हवा, पळी तिरकी केली की आपणहून घसरून पडेल इतका.

भाज्या आणि वेगळ्या आवडीनिवडी

भाज्या घालायच्या तर थोड्याच. मटार, मक्याचे दाणे किंवा गाजराचे बारीक तुकडे पास्ता शिजण्याच्या शेवटच्या तीन मिनिटांत त्याच पाण्यात सोडा. वेगळं भांडं नको, वेगळं पाणी नको. सिमला मिरची मात्र कांद्याबरोबर परता, पाण्यात घातली तर वास आणि करकरीतपणा दोन्ही जातात. पनीरचे तुकडे अगदी शेवटी. फ्लॉवर-कोबी घालू नका, त्यांचा वास सायीवर चढतो.

चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर तेलात बोटभर आल्याचा कीस आणि चिमूटभर हिंग, आणि कांद्याच्या जागी किसलेलं गाजर. चव वेगळी होते, वाईट होत नाही. तिखट खाणाऱ्यांसाठी रसात जास्त तिखट ओतत बसू नका, सगळ्या घराला तेच खावं लागतं. लसणाची लाल चटणी ताटात वेगळी द्या. आमच्याकडच्या थोरल्या मंडळींना ती सोबत असली की पास्ता पोटभर जातो, नसली की 'भाकरी आहे का गं?' असं विचारणं येतं. काळा मसाला मात्र यात घालू नका. त्यातल्या खोबऱ्या-दगडफुलापुढे टोमॅटोही टिकत नाही आणि सायही नाही.

डब्यात द्यायचा असेल तर साय घालू नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, दप्तरात चार तास राहिलेली साय भरवशाची नसते. नुसत्या टोमॅटोचा पास्ता, एक चमचा तेल जास्त घालून, डब्यात चांगला राहतो. घरी उरलेला सायीचा पास्ता लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. गरम करताना पाव वाटी कोमट पाणी घालून मंद आचेवर सैल करून घ्या. थेट मोठ्या आचेवर ठेवला तर काल न फाटलेली साय आज फाटते.

आपल्याकडे सगळं शिजवून, झाकून ठेवून, मग माणसांना हाका मारायची सवय असते. या पदार्थाला ती चालत नाही. टोमॅटो आटवून ठेवा, साय फेटून ठेवा, पास्ता शिजायला टाका आणि तेव्हाच हाक मारा. माणसं पाटावर येऊन बसली की मग साय ओता.